बिऱ्हाड कोणाचे? : दोन पुरुषांचे घर आणि मराठी संहिता

१

दोन पुरुष परस्परांवर प्रेम करतात आणि एकत्र राहतात, असे कळल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा पहिला प्रश्न उमटतो तो 'यांच्यात बाई कोण?' हा. शिष्टाचारापोटी तो उघड विचारला जात नाही. मात्र साहित्यसमीक्षेत तो सुसंस्कृत परिभाषेचा वेश घेऊन वावरत आला आहे. समलिंगी संबंध सूचित करणाऱ्या संहितेत कोणते पात्र 'स्त्रैण', कोणते 'पौरुषयुक्त', कोणाच्या ठिकाणी 'समर्पणभाव' आणि कोणाच्या ठिकाणी 'अधिकारभाव', अशा वाटण्या वाचक नकळत करीत जातो. पती-पत्नीचा साचा हाताशी असला की दोन पुरुषांचे नातेही त्यात बसवून वाचता येते, ही या वाटणीमागची सोय आहे.

या प्रश्नात तीन भिन्न प्रश्न एकत्र मिसळले गेले आहेत. पहिला शय्येसंबंधीचा, दुसरा वेश, आवाज व हावभाव यांसंबंधीचा आणि तिसरा घरकामासंबंधीचा. पैकी पहिल्याची चर्चा आरोग्यकार्यक्रमांनी केली. १९९० नंतरच्या दशकांत एड्स-प्रतिबंधाच्या निमित्ताने 'कोती' आणि 'पंथी' ही नावे अहवालांच्या भाषेत स्थिरावली. त्यांच्यामागे शारीरिक भूमिकेनुसार पुरुषांचे वर्गीकरण करण्याची दृष्टी होती. दुसऱ्याची चर्चा नाट्यसमीक्षेने, स्त्रीपार्टी नटांच्या परंपरेच्या संदर्भात केली. तिसरा प्रश्न मात्र जवळजवळ अस्पर्श राहिला. दोघांच्या घरात पाणी कोण भरतो, भाकरी कोण थापतो, भाडे कोणाच्या खिशातून जाते आणि आजारपणात रजा कोण टाकतो, हा तो प्रश्न होय. तो क्षुल्लक वाटतो म्हणून मागे पडला. वस्तुतः पहिल्या दोन प्रश्नांचा उलगडा त्याच्यावाचून होत नाही, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

मराठीचा शब्दसंग्रहही येथे विचारात घ्यावा लागतो. विवाहित स्त्रीने पतीला योजावयाचे रूढ शब्द 'मालक', 'धनी', 'कारभारी', 'यजमान' असे आहेत. यांपैकी बहुतेक शब्द मालमत्ता आणि व्यवस्थापन यांच्या क्षेत्रांतून आलेले आहेत. नात्याचे नाव घेताच कामाची आणि अधिकाराची वाटणी सांगून होते. 'जोडीदार' हा समतेच्या जवळ जाणारा शब्द आहे. परंतु तो पुस्तकी राहिला. बोलण्यात रुळला तो 'पार्टनर'. हा शब्द मराठीत प्रेमाच्या वाटेने आलेला नाही. तो धंद्यातील भागीदारीतून, कॅरमच्या पटावरून आणि मुख्यतः भाड्याच्या खोलीतून आला. खोलीचे भाडे निम्मे देणारा तो 'रूम पार्टनर'. बिंदुमाधव खिरे यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीला 'पार्टनर' हेच नाव दिले. त्या कादंबरीचा भर समलिंगी तरुणाच्या स्व-स्वीकारावर आहे. तथापि शीर्षकाने एक गोष्ट सहज साधली आहे. मराठीत दोन पुरुषांच्या सहजीवनाला उपलब्ध असलेला शब्द हा भाडे वाटून घेण्याचा शब्द आहे.

२

सतीश आळेकर यांचे 'बेगम बर्वे' (१९७९) हे समलिंगी संबंधांवरील नाटक आहे, असे म्हणणे त्याला संकुचित करणे होईल. संगीत रंगभूमीच्या अस्तकाळातील स्मरणरंजन, कारकुनी जीवनाची कुंठा आणि स्वप्न-वास्तवाची सरमिसळ ही त्याची सर्वमान्य सूत्रे आहेत. तरीही दोन पुरुषांच्या बिऱ्हाडाचा विचार करताना मराठीतील ही सर्वांत समृद्ध संहिता ठरते. याचे कारण तिच्यात असे एक बिऱ्हाड नसून तीन आहेत.

पहिले बिऱ्हाड श्यामराव आणि बर्वे यांचे. बर्वे एके काळी नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका करणारा. आता तो उदबत्त्या विकतो, आणि त्याच्या श्रमावर, शरीरावर व दिवसावर श्यामरावाचा ताबा आहे. दुसरे बिऱ्हाड जावडेकर आणि बावडेकर या कारकुनांचे. दोघे एका कचेरीत खर्डेघाशी करतात आणि एकत्र राहतात. तिसरे बिऱ्हाड स्वप्नातले आहे. बर्वे तेथे कचेरीतील नलावडेबाई होतो, जावडेकराची पत्नी होतो आणि ते स्वप्न गर्भारपणापर्यंत जाऊन पोहोचते. शेवटी श्यामराव ते मोडून काढतो.

समीक्षेचे लक्ष स्वाभाविकपणे तिसऱ्या बिऱ्हाडावर खिळले. साडी, शालू, नाट्यपदे आणि डोहाळे यांच्या चिन्हसृष्टीने ते इतके भारलेले आहे की बर्व्याचे 'बाईपण' तेथेच आहे असे वाटू लागते. परंतु श्रमाच्या अंगाने पाहिले तर क्रम उलटतो. स्वप्नातील नलावडेबाईला मान आहे, तिचे कौतुक आहे, तिच्या पोटातील जिवाची काळजी आहे. पत्नीपणातील जो भाग हक्काचा आणि सन्मानाचा, तेवढाच या स्वप्नात आला आहे. पत्नीपणाचा दुसरा भाग म्हणजे राबणे, मिळकत दुसऱ्याच्या हाती देणे, मार खाणे आणि जाण्यास दुसरी जागा नसणे. तो बर्व्याच्या वाट्याला पहिल्या बिऱ्हाडात, कोणत्याही शालूवाचून, आधीच आलेला आहे. श्यामरावाच्या घरी बर्वे पत्नीची कर्तव्ये करतो. पत्नीचे हक्क मात्र त्याला स्वप्नातच मिळतात. नाटकाची करुणा केवळ 'पुरुषाला स्त्री व्हावेसे वाटते' या विसंगतीत नाही. कर्तव्ये एका घरात आणि हक्क दुसऱ्या, अस्तित्वात नसलेल्या घरात, अशी जी फाळणी झाली आहे तिच्यात ती आहे.

दुसऱ्या बिऱ्हाडाकडे तर फारसे कोणी पाहिलेले नाही. जावडेकर आणि बावडेकर यांच्या नावांतील यमक त्यांची अदलाबदल करता येईल असे सुचवते. या दोघांत 'बाई कोण' हा प्रश्न उद्भवत नाही, कारण दोघेही बाईची वाट पाहत आहेत. त्यांचे एकत्र राहणे त्यांना स्वतःलाही बिऱ्हाड वाटत नाही. लग्न होईपर्यंतचा तो मुक्काम आहे. दोन पुरुष समतेने राहू शकतात, मात्र ते राहणे तात्पुरते असेल तोवरच, हे गृहीतक येथे मुकेपणाने काम करते. कायमचे राहावयाचे म्हटले की घराला बाई लागते. ती नसेल तर एका पुरुषाला ती व्हावे लागते. आळेकरांनी हे गृहीतक मांडलेले नाही; त्यांनी ते त्याच्या हास्यास्पद आणि भयावह टोकापर्यंत नेऊन दाखविले आहे.

३

विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकाचा विषय दोन स्त्रियांमधील आकर्षण हा असल्याने तो प्रस्तुत मर्यादेबाहेरचा आहे. परंतु साचा तोच आहे हे नोंदवणे आवश्यक आहे. सुमित्रा ऊर्फ मित्रा हिला नमाविषयीच्या ओढीची जाणीव होते ती नाटकात पुरुषभूमिका करताना. पुढे तिचा हक्क गाजवण्याचा, ईर्ष्येचा आणि झुंजीचा सूर परिचित पुरुषी सुरांत मिसळत जातो. त्यांच्या भेटींसाठी जागा लागते ती बापूची खोली. त्यांना स्वतःची खोली, म्हणून स्वतःचा दिनक्रम, नाटकाच्या जगात मिळू शकत नाही. कामाची वाटणी करण्याइतका काळच नात्याला लाभत नाही.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी या साच्यातून पुष्कळ अंशी बाहेर पडते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचेही प्रेम बसते. प्रथम तनयचे, नंतर अनुजाचे निवेदन येते. तनय 'स्त्रैण' म्हणून रंगवलेला नाही. त्या तरुणाच्या संदर्भात भाऊ आणि बहीण एकाच जागी उभे राहतात. एकाच प्रियकराशी पुरुषाचे आणि स्त्रीचे नाते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची ही रचना विलक्षण आहे. मात्र या रचनेतच एक असमतोल राहून गेला आहे. अनुजा त्या तरुणासह घर सोडून जाते आणि काही काळाने एकटी परतते. तिचे जाणे आणि येणे या दोन्ही घटना कुटुंबाच्या भाषेत सांगता येतात. त्यासाठी शोध, काळजी, नाचक्की, उपचार असे शब्द तयार आहेत. तनयच्या दुःखाला घरात शब्द नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या तरुणाबरोबर बिऱ्हाड थाटण्याचा अनुभव, कितीही अल्प असो, अनुजाला मिळतो. तनयचे प्रेम वरच्या खोलीत घडते, आणि त्या घराचे जेवणखाण व स्वच्छता खाली, आईच्या हातून होत राहते. दोन पुरुषांच्या प्रेमाला मराठी कादंबरीने येथे अभूतपूर्व कोवळीक दिली. चूल मात्र दिली नाही.

आर. राज राव यांची 'द बॉयफ्रेंड' (२००३) इंग्रजीत लिहिली गेली असली तरी तिचा भूगोल मुंबईचा आहे. नालासोपाऱ्यात राहणारा, वयाने मोठा, उच्चवर्णीय पत्रकार युदी आणि तरुण दलित मिलिंद यांचे नाते तीत आहे. या कादंबरीने एक नवे परिमाण आणले. दोन पुरुष केवळ पुरुष म्हणून समान होत नाहीत. वय, जात, शिक्षण आणि घर कोणाच्या नावावर आहे, या गोष्टी त्यांच्यात उतरंड निर्माण करतात. लिंगभेद नाहीसा झाला की समता आपोआप येते, हा भाबडा समज त्यामुळे टिकत नाही.

४

येथे साहित्याच्या भूगोलाचा प्रश्न पुढे येतो. मराठीतील या संहिता प्राधान्याने पुण्याच्या आहेत, आणि त्यांतील खोली बहुधा कोणाच्या तरी कुटुंबाच्या नजरेखालची आहे. परंतु मराठी मुलखात दोन अविवाहित पुरुषांनी एक खोली घेणे ही जेथे नित्याची बाब आहे तो प्रदेश वेगळा आहे. मध्य रेल्वेवर कल्याणच्या पलीकडे कर्जतकडे जाताना उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर लागतात. त्यांपैकी पहिले युद्धकाळातील लष्करी छावणीवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून उभे राहिले आणि १९४९ साली त्याला आजचे नाव मिळाले. दुसरे आयुधनिर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांच्या पाळ्यांवर वाढले. तिसरे मुंबईत जागा न परवडणाऱ्या नोकरदारांनी भरले. बदलापूरहून मुंबईचे टोकाचे स्थानक अडुसष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. या पट्ट्यात सडे राहणाऱ्या दोघांनी अनामत आणि भाडे वाटून घेणे यात शेजाऱ्याला नवल वाटत नाही. जावडेकर-बावडेकरांचे खरे वंशज शोधावयाचे तर ते येथे सापडतील.

अशा खोलीत प्रेमाचे नाते असलेले दोघे राहतात, असे कल्पून पाहावे. एकाची कचेरी मुंबईत आहे. तो पहाटेची गाडी पकडतो आणि रात्री परततो. दुसरा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जातो. नळाला पाणी ज्या वेळी येते त्या वेळी घरी असेल तो पाणी भरील. ज्याचे परतणे आधीचे, त्याच्याकडे कुकर लावणे येईल. येथे कामाची वाटणी ठरवतो तो पौरुषाचा कमी-अधिक अंश नव्हे, तर रेल्वेचे वेळापत्रक आणि पाळीचा भोंगा. प्रश्न वाटणी कशी झाली हा नसून, झालेल्या वाटणीला पुढे कोणता अर्थ चिकटतो हा आहे. पाणी भरणारा हळूहळू 'घरातला' आणि गाडी पकडणारा 'कमावता' ठरतो; मग पगाराच्या रकमेवरून बोलण्याचा अधिकार ठरू लागतो. सोयीने पडलेली वाटणी स्वभावाची वाटू लागते. लिंगभाव घडतो तो असा, आणि दोन पुरुषांच्या घरात त्याची घडण उघडी दिसते. कारण तिला शरीरभेदाची सबब मिळत नाही.

याच पट्ट्यातून आणखी एक निरीक्षण हाती लागते. उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी प्रसिद्ध झाले. शिवणकाम घरात बाईचे मानले जाते. कारखान्यात यंत्रावर बसलेला कारागीर पुरुष असला तरी त्याच्या पौरुषाविषयी कोणी शंका घेत नाही. खानावळीतील आचारी, धोबी, इस्पितळातील वॉर्डबॉय यांचीही हीच स्थिती आहे. रांधणे, धुणे आणि शुश्रूषा ही कामे मजुरीवर केली की पुरुषाची असतात. तीच घरात, विनामोबदला, दुसऱ्या पुरुषासाठी केली की करणाऱ्याला 'बाई' ठरवतात. अर्थात कामाला लिंग नाही. लिंग आहे ते मोबदला नसण्याला. 'बाईपण' हे येथे देहाचे किंवा वेशाचे नव्हे, तर श्रमाच्या एका विशिष्ट स्थितीचे नाव आहे. श्यामरावाच्या घरातील बर्वे हे नाटकाच्या भाषेत हेच सांगत होता.

५

पाश्चात्त्य विचाराशी या निष्कर्षाचा मेळ कोठे बसतो हे पाहणे उपयुक्त ठरेल. ज्युडिथ बटलर यांनी 'जेंडर ट्रबल' (१९९०) या ग्रंथात, समलिंगी जोडप्यातील भूमिका या विषमलिंगी 'मूळा'ची नक्कल आहेत हा समज नाकारला. मूळ मानले जाणारे रूपही पुनरावृत्तीतूनच घडते, असे त्यांचे म्हणणे आहे. हा विचार मोलाचा आहे. परंतु त्याचे उदाहरणविश्व मुख्यतः वेशाचे आणि सादरीकरणाचे राहिले. क्रिस्टोफर कॅरिंग्टन यांनी 'नो प्लेस लाइक होम' (१९९९) या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बावन्न समलिंगी घरांचे निरीक्षण केले. आपल्या घरी सारे काम सारखे वाटलेले आहे, असे जोडपी सांगत. प्रत्यक्षात ते तसे नव्हते. पुरुष-जोडप्यात अधिक घरकाम करणाऱ्याचा वाटा दोघेही झाकून ठेवत, कारण तो उघड होण्याने त्याच्या पुरुषपणाला बाध येईल अशी धास्ती होती. समतेची भाषा हीच विषमतेचे आवरण होऊ शकते, हा या अभ्यासाचा अस्वस्थ करणारा भाग आहे. मराठी संदर्भात 'आम्ही दोघे पार्टनर' हे वाक्य असेच आवरण होण्याचा संभव आहे. भाडे निम्मे-निम्मे असले म्हणजे भांडी निम्मी-निम्मी घासली जातात असे नाही.

यावर आक्षेप घेता येईल की, हा समाजशास्त्राचा विषय झाला. साहित्याने धुण्याभांड्यांचा हिशेब का मांडावा? उत्तर मराठी कादंबरीच्या इतिहासातच आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' पासून मराठी वास्तववादाचे सामर्थ्य स्वयंपाकघर, माजघर आणि तेथील श्रम यांच्या सूक्ष्म नोंदीत राहिले आहे. पुढे गौरी देशपांडे, सानिया प्रभृतींनी घर चालवण्याचा भार कोणाच्या शिरावर, या प्रश्नातून स्त्री-पुरुष नात्याचे अंतरंग उलगडले. विवाहित जोडप्यासाठी जे साहित्याचे क्षेत्र आहे, ते दोन पुरुषांसाठी समाजशास्त्राचे ठरवणे हाच भेद आहे. दोन पुरुषांचे प्रेम सतत वासना, गुपित आणि विरह यांच्याच स्वरूपात येत राहिले, तर त्याला दिवस कधी उजाडतच नाही. त्याची केवळ रात्र लिहिली जाते.

या विचाराला आता निकडही आली आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने अशा जोडप्यांचा विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाही. शय्या निर्दोष ठरली, घर अनामिक राहिले. त्याचा परिणाम प्रेमापेक्षा श्रमावर अधिक होतो. कल्याणपलीकडच्या त्या कल्पित खोलीतील कमावत्याचा मृत्यू झाला, तर भाडेकरार त्याच्या नावावर, बँकेतील रक्कम त्याच्या नावावर आणि वारस म्हणून गावाकडचा भाऊ हजर. ज्याने दहा वर्षे पाणी भरले, डबा दिला आणि शेवटच्या आजारात उशाशी बसला, त्याची ओळख जमलेल्या लोकांना एवढीच करून दिली जाईल: 'हे त्यांचे रूम पार्टनर'. पत्नीच्या विनामोबदला श्रमाला किमान वारसाहक्काची सावली असते. येथे तीही नाही. कर्तव्ये एका घरात आणि हक्क अस्तित्वात नसलेल्या घरात, ही बर्व्याची फाळणी पुन्हा समोर येते.

२०२४ साली केंद्र शासनाने काही पावले उचलली. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि परस्परांचे नामनिर्देशन करण्यास प्रतिबंध नाही, असे स्पष्ट केले. शिधापत्रिकेच्या प्रयोजनासाठी त्यांना एकाच कुटुंबाचे घटक मानावे, असेही राज्यांना कळविले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ च्या तेराव्या कलमानुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ प्रौढ स्त्रीचे नाव येते. अन्नाचा भार जिच्यावर, तिचे नाव प्रथम, असा या तरतुदीचा न्याय्य आशय सांगता येतो. दोन पुरुष जेव्हा ती पत्रिका मागावयास जातील, तेव्हा 'यांच्यात बाई कोण?' हा कुजबुजीतील प्रश्न छापील रकान्याच्या रूपाने त्यांच्यापुढे उभा राहील. तेथे मात्र त्याचा खरा अर्थ वाचता येण्यासारखा आहे: या घरात अन्न कोण शिजवतो, आणि त्याचे नाव कोठे लिहिले जाते? मराठी कादंबरी आणि नाटक यांनी हा रकाना अद्याप भरलेला नाही. तो कोरा आहे, एवढे ओळखणे हे समीक्षेचे पहिले काम आहे.